डिक्सीलँड बँडमधला ट्यूबा: पहिल्या तीन महिन्यांच्या नोंदी

४ जानेवारी

डिक्सीलँड म्हणजे न्यू ऑर्लीन्सच्या जुन्या घडणीचा जॅझ. पुढची फळी ठरली: कॉर्नेट, क्लॅरिनेट, ट्रॉम्बोन. मागे बँजो, ड्रम आणि ट्यूबा, म्हणजे पितळी वाद्यांतलं सर्वांत खालच्या सुराचं वाद्य. पियानो नाही, आणि ट्यूबाच्या दृष्टीने आजची सर्वांत मोठी बातमी हीच. पियानो असता तर त्याच्या डाव्या हाताने खर्जाचा थोडा भार उचलला असता. १९१७ मध्ये ओरिजिनल डिक्सीलँड जॅस बँडने न्यूयॉर्कला ज्या तबकड्या केल्या त्यांत बासचं वाद्यच नव्हतं. पियानो आणि ड्रमवर भागलं. इथे भागणार नाही. टेनर बँजोची सर्वांत खालची तार सीवर लावतात, म्हणजे ट्यूबा जिथे दिवसभर वावरतो त्याच्या बरीच वर. कॉर्डचा (एकदम वाजणाऱ्या सुरांच्या जुडीचा) पाया एकट्या ट्यूबावर येणार.

ऐकण्यासाठी पहिला पाठ: लुई आर्मस्ट्राँगच्या हॉट सेव्हन या बँडची १९२७ ची ध्वनिमुद्रणं. ट्यूबावर पीट ब्रिग्ज, ड्रमवर बेबी डॉड्स. त्याआधीच्या हॉट फाइव्हमध्ये ना ट्यूबा होता ना ड्रम, त्यामुळे दोन्ही एकापाठोपाठ ऐकले की ट्यूबा आल्यावर नेमकं काय बदलतं ते कानालाच कळतं. ऐकताना सूर मोजायचे नाहीत. प्रत्येक सूर कुठे *संपतो* तेवढंच टिपायचं.

११ जानेवारी

वाद्य: बी फ्लॅट ट्यूबा, चार पिस्टनचा, वापरलेला. ट्यूबा चार पट्ट्यांत मिळतात. बी फ्लॅटची उघडी नळी सुमारे ५.५ मीटर, सीची ४.९, ई फ्लॅटची ४ आणि एफची ३.७. ई फ्लॅट हलका आणि चपळ असतो, या संगीताला चालतोही. पण पियानो नसताना खालचा भरणा हवा, म्हणून बी फ्लॅट.

चौथा व्हॉल्व्ह (पिस्टन दाबला की फुंक जादा नळीतून वळवणारी झडप) ही चैन नाही. पहिला व्हॉल्व्ह सूर पेटीवरच्या दोन पट्ट्या (काळ्या-पांढऱ्या धरून) उतरवतो, दुसरा एक, तिसरा तीन. पहिला आणि तिसरा मिळून पाच व्हायला हवेत, पण हिशोब जमत नाही. नळी आधीच लांब झालेली असताना तिसऱ्याची लांबी तेवढीच राहते, ती अपुरी पडते आणि सूर चढा येतो. कागदावर हा चढ सुमारे ३० सेंटचा (पेटीच्या शेजारच्या दोन पट्ट्यांत १०० सेंटचं अंतर), आणि तिन्ही एकदम दाबले तर ५० च्या पुढे. चौथ्या व्हॉल्व्हची नळी पाच पट्ट्यांसाठीच कापलेली असते, म्हणून १+३ ऐवजी ४ आणि १+२+३ ऐवजी २+४. दुसऱ्या जोडीतही थोडा चढ उरतोच, पण तो ओठांनी सावरता येतो.

तपासणीत काय पाहिलं: प्रत्येक स्लाइड (नळीचा ओढता येणारा तुकडा) व्हॉल्व्ह न दाबता थोडी बाहेर ओढायची, दोन क्षण थांबायचं, मग व्हॉल्व्ह दाबायचा. ‘फट्’ आवाज आला तर पिस्टन हवा धरतो आहे. पहिला, दुसरा, चौथा पास. तिसरा मुका. पाणी सोडायच्या चापाचा बूचही गळत होता. नवा बूच लावल्यावर खालचे सूर लगेच स्थिरावले. तळाच्या मोठ्या वळणाला बशीएवढा पोचा आहे, त्याची काळजी नाही. माउथपीसजवळच्या बारीक नळीला नखाएवढा पोचा असता तर मात्र वाद्य परत केलं असतं.

तिसरा पिस्टन वर यायला आळस करत होता. कोमट पाणी, भांड्यांचा सौम्य साबण, मऊ ब्रश, कोरडं पुसणं, तेलाचे पाच-सहा थेंब. गरम पाणी नको, लॅकर सुटतं. परत बसवताना पिस्टनवरचा आकडा बघायचा आणि मार्गदर्शक खाचेत ‘टक्’ बसेपर्यंत हलकेच फिरवायचं. खाच चुकली की फुंक भिंतीला थडकल्यासारखी परत तोंडात येते. वाद्य बिघडलं असं वाटून नवशिके इथेच घाबरतात.

माउथपीस वाटीसारख्या पेल्याचा, आतला व्यास ३२ ते ३३ मिलिमीटर. नरसाळ्याच्या आकाराचे खोल माउथपीस गोल, रुंद आवाज देतात; ऑर्केस्ट्रात छान. इथे सुराला कड हवी, म्हणून वाटी.

१८ जानेवारी

पहिली एकत्र तालीम. पाऊण तास पट्टीच्या घोळात गेला.

ट्यूबाची पानं खऱ्या सुरांत लिहिलेली असतात. कॉर्नेट आणि क्लॅरिनेटची तशी नसतात. ती बी फ्लॅट वाद्यं असल्यामुळे त्यांच्या कागदावर ‘सी’ असतो तेव्हा वाजतो बी फ्लॅट. कॉर्नेटने “एफमध्ये घेऊ” म्हटलं, मागच्या फळीने एफ धरला, आणि पुढून आला ई फ्लॅट. दोष कोणाचाच नव्हता.

उपाय पेटीचा. यापुढे पट्टी पेटीच्या भाषेतच बोलायची: बी फ्लॅट म्हणजे काळी पाच, एफ म्हणजे पांढरी चार, ई फ्लॅट काळी दोन, ए फ्लॅट काळी चार. मग कोणी स्वतःच्या कागदावर काय वाचतो हा ज्याचा त्याचा प्रश्न. गाण्यांच्या यादीत पट्टी याच नावाने लिहिली. डिक्सीलँडची बहुतेक गाणी या चारांतच बसतात, कारण पुढच्या फळीतल्या वाद्यांना फ्लॅटच्या (उतरवलेल्या सुरांच्या) पट्ट्या हाताला सोप्या. बँजोवाल्यांना त्या तितक्याशा आवडत नाहीत, पण मतदानात बँजो एकच.

मंचावर बोलता येत नाही तेव्हासाठी जुनी बोटांची खूण: जमिनीकडे एक बोट म्हणजे एक फ्लॅट (पांढरी चार), दोन म्हणजे काळी पाच, तीन म्हणजे काळी दोन. बोटं वर केली तर शार्प (चढवलेले सूर).

२५ जानेवारी

आज फक्त ट्यूबा आणि बँजो. दीड तास, एकच ठेका: दोन मात्रांचा. चार मात्रांच्या बारमध्ये ट्यूबा पहिल्या आणि तिसऱ्यावर, बँजो चारही मात्रांवर, दुसरी आणि चौथी जरा उचलून. ट्यूबाचे सूर म्हणजे कॉर्डचा सा आणि प, आलटून पालटून. पहिल्या दिवशी कोणालाही जमेल इतकं सोपं, आणि म्हणूनच बिघडलेलं पटकन लक्षात येत नाही.

लय मिनिटाला १८०. म्हणजे एक मात्रा ३३३ मिलिसेकंदांची, आणि एका सुराला मिळणारी जागा दोन मात्रांची.

पहिला प्रयत्न: सूर दोन्ही मात्रा भरून. आवाज भरदार, पण बँजोची दुसरी आणि चौथी मात्रा चिखलात. बँजोचा सूर क्षणात विरतो. त्यावर ट्यूबाची शेपटी पडली की उचल ऐकूच येत नाही, आणि ठेका दोन पायांचा न राहता फरपटत चालतो.

दुसरा प्रयत्न: अगदी तोडून. आता बँजो स्वच्छ, पण ट्यूबाला स्वरच नाही. पिशवी आपटल्यासारखा नुसता धप्प. खालच्या सुराला ओळख पटवायला वेळ लागतो; तो न देता कापला तर कॉर्ड कुठली ते पुढच्या फळीला कळत नाही. ट्रॉम्बोनसाठी तर हे फारच वाईट, कारण तो ट्यूबाच्या सुरावरूनच आपली घसरण कुठे संपवायची ते ठरवतो.

तिसरा, आणि हाच पक्का: सूर जवळजवळ एक मात्रा धरायचा आणि बँजोचा फटका पडताना सोडून द्यायचा. बँजोने ट्यूबाचं दार लावायचं. तोंडाने म्हणून पाहा: तों–चक–तों–चक. ‘तोंऽऽ’ म्हटलं की ‘चक’ला जागा नाही.

सोडायचं कसं, यावर बराच वेळ गेला. जिभेने सूर बंद केला तर ‘तोट्’ होतं. शेवटी एक बारीक ठोकर ऐकू येते आणि प्रत्येक सुराला दोन टोकं असल्यासारखं वाटतं. जीभ फक्त सुरुवातीला. शेवट फुंक थांबवून, गळा उघडा ठेवून. मग सूर घंटेसारखा सुटतो.

संथ चालीला, मिनिटाला ९०–१००, हाच नियम लावला तर गाणं लंगडतं. तिथे पावणेदोन मात्रांपर्यंत धरायचं. घुमणाऱ्या खोलीत सगळंच थोडं आखूड. गालिचा-पडद्यांच्या खोलीत थोडं लांब.

१ फेब्रुवारी

पूर्ण बँड. ध्वनिमुद्रणात ट्यूबा सतत मागे. वाजवताना मागे वाटत नव्हता.

कारणं तीन, वजनाप्रमाणे. पहिलं, भौतिक. खालच्या बी फ्लॅटची कंपनसंख्या सुमारे ५८ हर्ट्झ, म्हणजे एक आंदोलन १७ मिलिसेकंदांचं. त्याखालच्या एफचं २३. सूर उभा राहायला अशी काही आंदोलनं जावी लागतात. कॉर्नेटचा सूर तेवढ्यात वाजून मोकळा झालेला असतो. दुसरं, श्वास घेऊन तो क्षणभर कोंडून ठेवायची सवय. कोंडलेली फुंक सुटताना आधी गळा उघडतो, मग ओठ थरथरतात, आणि यात उशीर होतो. तिसरं, व्हॉल्व्ह आणि जीभ एकाच वेळी. व्हॉल्व्ह आधी खाली हवा.

इलाज: श्वास आत, वळण, लगेच बाहेर, मध्ये थांबा नाही. बोटं मागच्या विश्रांतीतच पुढच्या सुरावर. आणि मात्रेवर नव्हे, मात्रेच्या किंचित अलीकडे सुरुवात. वाजवणाऱ्याला ते घाईचं वाटतं, समोर बसलेल्याला नेमकं. हा विश्वास यायला ध्वनिमुद्रण ऐकण्याखेरीज उपाय नाही. फोन बँडपासून तीन-चार मीटरवर, छातीच्या उंचीला, आणि नंतर हेडफोनवर ऐकायचं. फोनच्या स्वतःच्या स्पीकरवर खर्ज येतच नाही आणि मग ट्यूबाने वाजवलंच नाही असा आरोप होतो.

बसण्याची जागाही बदलली. बेल (वाद्याचा रुंद कर्णा) वर तोंड करून असल्यामुळे आवाज छतावर आपटून येतो. ध्वनी दर मिलिसेकंदाला साधारण ३४ सेंटिमीटर जातो, चार-पाच मीटरच्या फेरीला १२ ते १५ मिलिसेकंद. फार नाही, पण आधीच उशीर असताना तेही नको. ट्यूबा, बँजो आणि ड्रम आता हाताच्या अंतरावर.

८ फेब्रुवारी

श्वास. ट्यूबावाल्याला चक्कर येते ती हवा कमी पडते म्हणून, हा समज दोन मात्रांच्या ठेक्यात उलटा ठरतो. प्रत्येक सुरानंतर एक रिकामी मात्रा मिळते. तिथे सवयीने घोटभर हवा घेतली जाते. सुराला लागते त्याहून जास्त आत येते, जुनी बाहेर पडत नाही, आणि बत्तीस बारांनंतर छाती शिळ्या हवेने टम्म. जीव गुदमरतो आणि माणूस आणखी हवा ओढतो.

कागदावर श्वासाच्या खुणा केल्या. चार बारांत एकदाच चांगला श्वास. आठव्या बारची तिसरी मात्रा सोडायची. त्या जागेत आधी *बाहेर*, मग आत. एक सूर गाळला तर कोणी विचारत नाही. आठ बारांची ओळ तिथे संपतेच, आणि ड्रमचं बारीकसं वळण त्या भोकात मावतं. लय २२० ला नेली तेव्हा एक मात्रा जेमतेम २७३ मिलिसेकंदांची. तिथे दर दोन बारांनी घोट आणि आठव्याला तोच मोठा श्वास.

बैठक: माउथपीसने तोंडाकडे यायचं, तोंडाने माउथपीसकडे जायचं नाही. खुर्चीवर मांड्यांमध्ये घडी घातलेला टॉवेल ठेवून वाद्य पाच सेंटिमीटर उचललं. मान सरळ झाल्याबरोबर खालचा एफ फुटायचा थांबला. डोकं हलकं वाटलं तर वाद्य खाली ठेवून साधा श्वास घ्यायचा. त्यात मर्दुमकी नको.

१५ फेब्रुवारी

बेस ड्रम आणि ट्यूबा एकाच मात्रांवर, एकाच खालच्या पट्ट्यात. ड्रम जोरात असेल तर ट्यूबाचा स्वर गिळला जातो आणि उरतो फक्त दणका. मोठ्या ड्रमच्या आत चादर, नमद्याचा टोला, पाय हलका. बाकीचा ड्रम स्नेअर, वुडब्लॉक आणि झांजेवर. दहा मिनिटांत मिटलं.

२२ फेब्रुवारी

पहिलं पूर्ण गाणं: ‘व्हेन द सेंट्स गो मार्चिंग इन’, पांढरी चार, १६ बार. बासची ओळ नोंदवून ठेवतो, कारण पुढची अर्धी गाणी याच वळणांची आहेत.

पहिले पाच बार एफवर: एफ (उघडा, म्हणजे एकही व्हॉल्व्ह न दाबता) आणि त्याखालचा सी (चौथा व्हॉल्व्ह). सहाव्यात एफ, मग डी (१+२), म्हणजे सातव्यातल्या सीकडे उतरता रस्ता. सातवा बार सी सेव्हन या कॉर्डचा: सी आणि *वरचा* जी. खालचा जी पण १+२ नेच येतो, पण या लयीत तो गढूळ होतो. आठवा: सी, मग ई (दुसरा), आणि ई थेट नवव्यातल्या एफला हात देतो. नववा एफ-सी. दहावा एफ सेव्हन: एफ, ए (दुसरा). अकरावा बी फ्लॅट (उघडा), मग एफ. बारावा बी, पुन्हा बी (१+२). तेराव्यात कॉर्ड एफचीच, पण ट्यूबा सीवर (पहिला). चौदावा सी सेव्हन: जी, सी. पंधरावा एफ-सी, सोळावा एफ आणि विश्रांती.

अकरा ते तेरामधली बी फ्लॅट, बी, सी ही चढण गाण्याचा कणा आहे. आणि आज भांडण तिथेच झालं. बँजोने बाराव्या बारला बी फ्लॅट मायनर धरली, ट्यूबाने बी. एकाचा बी फ्लॅट, दुसऱ्याचा बी, शेजारशेजारच्या पट्ट्या एकदम. दोन्ही कॉर्ड प्रचारात आहेत, दोन्ही बरोबर. पण खोलीत एकच चालते. ठरलं: बी डिमिनिश्ड. बँजोच्या पानावर लाल पेनने.

सा-पला कंटाळून ट्यूबाने प्रत्येक बारमध्ये मधले सूर भरायला सुरुवात केली की ट्रॉम्बोन अडखळतो. तीच जागा त्याची. जोडसूर फक्त कॉर्ड बदलण्याआधी.

१ मार्च

ब्रेक आणि स्टॉप-टाइम. ब्रेकमध्ये ओळीचे शेवटचे दोन बार सगळे थांबतात, एकच वाद्य बोलतं. ट्यूबाने ब्रेकच्या पहिल्या मात्रेवर आखूड सूर देऊन गप्प व्हायचं. चूक नेहमी परत येताना: दोन बार मनात मोजले जात नाहीत, क्लॅरिनेट मात्रांच्या अध्येमध्ये खेळतो, आणि ट्यूबा बाहेर पडतो. पायाने चार आणि चार अशा आठ मात्रा मोजायच्या, कान क्लॅरिनेटला न देता. नवव्यावर सम. सम चुकली तर सगळी फळी ट्यूबामागे चुकते, कारण सगळे त्याच्याच सुरावर उतरतात.

स्टॉप-टाइममध्ये बारच्या पहिल्या मात्रेवर एकच ठोका. इथे मात्र सूर तोडलेला चालतो, हवाच.

८ मार्च

शेवटच्या कोरसला (गाण्याच्या पूर्ण फेरीला) दोनवरून चार मात्रांवर जायचं. आज लय मिनिटाला १७६ वर सुरू झाली आणि पाच कोरसांनंतर १९६ वर संपली. टाळ्यांच्या दृष्टीने चांगलं, क्लॅरिनेटच्या बोटांच्या दृष्टीने नाही.

शोधलं तेव्हा गळती दोन ठिकाणी सापडली. एकलवादनातून पुन्हा सर्वजण येतात तेव्हा आवाज वाढतो आणि आवाजाबरोबर लय. दुसरी थेट ट्यूबाची: चारवर गेल्यावर दमलेले ओठ सूर आखूड करतात, सुरांमधली भोकं मोठी होतात, आणि रिकाम्या भोकातून पुढच्या मात्रेकडे पाय घसरतो. दोनच्या ठेक्यात सोडणं महत्त्वाचं होतं. चारमध्ये उलट, सूर एकमेकांना टेकले पाहिजेत.

सराव: ट्यूबा आणि बँजो, मेट्रोनोम ८८ वर, त्याचा टिक दुसरी आणि चौथी मात्रा समजून. पहिली स्वतःच शोधायची. दहा मिनिटांत कोण पळतंय ते उघडं पडतं. चारमध्ये श्वासाला विश्रांती नसते, म्हणून दर चौथ्या बारची शेवटची मात्रा गाळायची.

१५ मार्च

उघड्यावर, चालत वाजवण्याची चाचणी. त्यासाठी सुझाफोन, म्हणजे अंगाभोवती घालून खांद्यावर घ्यायचा ट्यूबा. पितळी सुझाफोनचं वजन ११ ते १६ किलोच्या घरात, सगळं डाव्या खांद्यावर. कडेला पट्टी गुंडाळली नाही तर वीस मिनिटांत हाड बोलतं. मानेच्या नळीला माउथपीस जोडणारे दोन आखूड तुकडे असतात, ते फिरवून माउथपीसचा कोन जमवायचा. त्यांचे सांधे गळतात. सूर फुसफुसला तर व्हॉल्व्हला दोष देण्याआधी ते पाहायचे.

तीनच व्हॉल्व्ह, त्यामुळे पांढरी चारमधला सी पुन्हा १+३ वर आला, आणि चढा. नेमका प्रत्येक दुसरा सूर. गणित सांगतं की तिसरी स्लाइड ६.५ सेंटिमीटर बाहेर हवी. प्रत्यक्षात ती नळी जरा लांबच बनवतात, म्हणून ३ सेंटिमीटरवर सी जमला. पण मग २+३ चा डी फ्लॅट उतरला. या गाण्यात तो नाही, पुढचं पुढे.

सकाळी सावलीत जुळवलेली वाद्यं उन्हात वेगळीच. पितळी वाद्यातली हवा तापली की सूर चढतो, ढोबळमानाने दर अंशाला ३ सेंट. बँजोच्या तारा उन्हात सैलावून उतरतात. दोघे एकमेकांपासून दोन्ही बाजूंनी दूर जातात. मुख्य स्लाइड एक सेंटिमीटर ओढली की नळी दोन सेंटिमीटर वाढते, ५.५ मीटरमध्ये ते सुमारे ६ सेंट. आज तीन सेंटिमीटर ओढावी लागली. प्रत्येक दोन गाण्यांनंतर बँजोने ट्यूबाला जुळवायचं असं ठरवलं. उलट केलं तर सगळी पुढची फळी हलवावी लागते.

२२ मार्च

गुडगुड येत होती. पाण्याचे सगळे चाप मोकळे केले तरी जाईना. पाणी तिसऱ्या व्हॉल्व्हच्या स्लाइडमध्ये, तिथे चापच नाही. व्हॉल्व्ह दाबून धरून स्लाइड काढली, पाणी ओतलं, ग्रीस लावून परत. न दाबता ओढली की पिस्टनवर ताण येतो.

बाकी कामं: सुझाफोनच्या दुसऱ्या पिस्टनचा नमदा दबलाय, बदलायचा. काळी दोनमधली दोन गाणी ट्यूबाच्या खुणांसह लिहून काढायची. पियानोसाठी एकाने विचारणा केली आहे. आला तर त्याच्या डाव्या हाताला पहिल्याच दिवशी सांगायचं की बाराव्या बारला बी डिमिनिश्ड.